तणसाची रेघ

उन्हाळा लागला की आमच्या घरी नवा माठ येतो. रायपूरच्या उन्हात त्याच्यावाचून भागत नाही. आई माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून तो खणखणीत आहे ना ते ऐकायची, आणि घरी तिवईवर ठेवताना त्याची काळी बाजू आठवणीने भिंतीकडे करायची. प्रत्येक माठाला असा एखादा काळसर, धुरकट पट्टा असतोच. आव्यात जिथे हवा पोचत नाही तिथे तो उमटतो. आईच्या लेखी तो डाग होता, आणि बरीच वर्षं माझ्याही लेखी डागच होता. तो वाचता येतो हे मला एका परदेशी भांड्याने शिकवलं.

भांडं छोटंसं आहे. भाचा जपानात ओकायामाला नोकरीला होता. परत येताना त्याने जवळच्या इम्बे गावातून ते आणलं. बिझेन या नावाने ओळखली जाणारी भांडी मुख्यतः याच गावात होतात. तांदळाची दारू, म्हणजे साके, वाढायची ही बाटली. तिला तोक्कुरी म्हणतात. उंची वितीपेक्षा चार बोटं कमी, पोट एका मुठीत मावेल एवढं, मान आखूड, ओठ किंचित बाहेर वळलेला. आमच्याकडे तिच्यात मोगऱ्याची एखादी डहाळी असते, नाहीतर ती रिकामीच असते. रिकामी असली की तिच्याकडे जास्त पाहणं होतं.

तिच्या अंगावर झिलई नाही. रंग तव्यावरून नुकत्या उतरलेल्या ज्वारीच्या भाकरीसारखा, फिका, जरा खरखरीत. आणि त्या फिक्या अंगावर शेंदरी रेघा. एक खांद्यावरून निघते, पोटाला तिरका वळसा घालते आणि बुडाजवळ विरून जाते. दुसरी तिला छेदून जाते. छेदतात तिथे रंग गडद होतो, जवळजवळ डाळिंबाच्या दाण्याइतका. पहिल्यांदा पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, कुणीतरी कुंचल्याने ओढल्या असतील. पण कुंचला भांड्याला लागलेलाच नाही. भाताचं तणस, ज्याला आमच्याकडे छत्तीसगढीत पैरा म्हणतात, ते कुटून मऊ करून कच्च्या भांड्याला गुंडाळलं, आणि भांडं भट्टीत गेलं. तणस जळून गेलं, रेघ राहिली. या रेघांना जपानीत हिदासुकी म्हणतात. कामाला लागताना किमोनोच्या सैल बाह्या आवरून बांधायची दोरी म्हणजे तासुकी. आपल्याकडे बाई कामाला लागताना पदर खोचते, तसंच. एवढ्याशा बाटलीने कामाची दोरी अंगावर बांधून आगीत शिरावं, हे त्या नावात आलं आहे, आणि ते नाव ठेवणाऱ्याच्या नजरेला दाद द्यावीशी वाटते.

तणस गुंडाळलं ते नक्षीसाठी नव्हेच. मोठ्या भांड्याच्या पोटात लहान भांडी रचून भट्टी भरायची, आणि भाजताना ती एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये तणस घालायचं. काचेच्या बांगड्या भुशात भरून पाठवाव्यात तसा हा व्यवहार. पण तणसात पोटॅशियम असतं आणि मातीत लोह. भट्टी बाराशे अंशांच्या वर गेली की तणसाची राख जिथे मातीला टेकली आहे तेवढीच जागा वितळू लागते. ओकायामाच्या शास्त्रज्ञांनी या लाल रंगाचा सूक्ष्मदर्शकाखाली माग काढला. त्यांना दिसलं ते असं: त्या वितळलेल्या थरात आधी कुरुंदाचे अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात. कुरुंद म्हणजे माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे, ते. मग भट्टी निवत असताना त्या स्फटिकांच्या अंगावर लोहाचा लाल ऑक्साइड चढतो, म्हणजे आपल्या कुंभाराच्या गेरूला लाली देतो तोच. निवणं मात्र सावकाश व्हायला हवं; घाईने निवली तर ही लाली धरत नाही. तेव्हा ही रेघ काढली ती तणसाने आणि आगीने, पण ती टिकवली भट्टीचं तोंड उघडायची घाई न करणाऱ्या माणसाने.

आता बाटली हातात घेऊन मानेखाली पाहावं. इथली गंमत माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. ओठाजवळून उतरणारी एक रेघ मानेच्या खोबणीत येते आणि तुटते. दोन गव्हांएवढी जागा कोरी, मग खांद्यावर ती पुन्हा सुरू होते, त्याच दिशेने, त्याच जाडीने. रंग संपला म्हणून ती तुटलेली नाही. ओठ बाहेर, मान आत आणि खांदा पुन्हा बाहेर, त्यामुळे ताणून बांधलेलं तणस ओठावरून थेट खांद्यावर गेलं. मधल्या खोलगटावर ते अधांतरी राहिलं. टेकलं तिथे लाल, टेकलं नाही तिथे कोरं. म्हणजे त्या दोन गव्हांएवढ्या जागेत मानेचा सगळा घाट नोंदलेला आहे. बाटली कुणी पाहिली नसती आणि फक्त रेघ कागदावर उतरवून दिली असती, तरी जाणत्याने मान किती आत गेली आहे ते सांगितलं असतं. त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं की मला दर वेळी तणस बांधणाऱ्याच्या हाताचा ताण जाणवतो.

मग ती उलटी करावी. बुडाशी कुंभाराची खूण आहे, आणि तिच्याभोवती शिंपल्याच्या पाठीसारखी एका बाजूला सरकलेली वळणं. चाक फिरतं असतानाच ओल्या मातीच्या गोळ्यावरून भांडं दोऱ्याने कापून वेगळं केलं की ही वळणं उमटतात. जपानी रसिक या वळणांसाठी भांडी उलटी करून पाहतात. मी ती ओळखली, कारण मी ती लहानपणापासून पाहत आले होते. दिवाळीची कुठलीही पणती उलटी करा. आमचा कुंभार मातीचा उंच गोळा चाकावर ठेवतो, त्याच्या शेंड्यावर पणती घडवतो आणि दोऱ्याने कापून उचलतो. पणतीमागून पणती, एकाच गोळ्यातून. प्रत्येक पणतीच्या पाठीवर हाच शिंपला असतो आणि आपण त्याच्यावर तेल सांडून ती देवळीत ठेवून देतो. त्या दोऱ्याला किती वेग आणि कुठे ओढ द्यायची, हे ज्याच्या बोटांना कळतं त्याची वळणं मधोमध न येता हलकीशी कलतात. नवख्याची तुटक येतात. एवढ्या एका खुणेवरून मी आता पणत्या निवडते.

आमच्या भागाला धान का कटोरा म्हणतात. इथला शेतकरी जमिनीला नावांनी ओळखतो: काळी ती कन्हार, पिवळसर ती मटासी, दोन्हींच्या मधली डोरसा आणि मुरमाड ती भाठा. म्हणून बिझेनची माती कुठून येते हे कळलं तेव्हा मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. ती भाताच्या खाचरांखालून येते. वरची शेती बाजूला सारून खालचा चिकट, काळपट, लोहाने भरलेला थर खणून काढायचा, वर्षानुवर्षं उन्हापावसात ठेवायचा, मग पातळ काप काढून त्यातले खडे हाताने वेचायचे. तांदूळ निवडावेत तसे. म्हणजे या बाटलीची माती भाताच्या शेतातली, तिच्यावरची रेघ भाताच्या काडीची, आणि पोटात भरायची ती दारूही तांदळाची. एका पिकाभोवती उभी राहिलेली कारागिरी इतकी एकजीव मी दुसरी पाहिलेली नाही.

ही माती मोठी मानी. भाजताना खूप आकसते आणि आच एकदम वाढवली तर फुगते, तडकते. म्हणून बिझेनच्या भट्टीत लाल पाइनची लाकडं दहा-बारा दिवस, कधी दोन आठवडे, रात्रंदिवस घालत राहावी लागतात. वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच अशी भट्टी लागते. इतके दिवस लाकूड जळतं तेव्हा ज्वालेबरोबर राख उडते, भांड्यांच्या खांद्यांवर बसते आणि तिथेच वितळते. पिवळसर ठिपके उठतात. त्यांना गोमा म्हणजे तीळ म्हणतात. राख जास्त झाली तर ती ओघळते आणि टोकाशी थेंब धरते. भट्टीच्या तळाशी निखाऱ्यांत गाडलं गेलेलं भांडं राखाडी-निळं होऊन निघतं. ताटावर दुसरं भांडं ठेवून भाजलं तर त्याच्याखाली गोल, कोरी, लालसर जागा उरते. तिला भाताच्या एका गोड पदार्थाचं, बोतामोचीचं नाव आहे. रंगाला स्वयंपाकघरातलं नाव देण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. डाळिंबी, आमसुली, वांगी असे रंग सांगून आपण लुगडी घेतच आलो.

हे ठिपके नीट पाहिले की भांडं कुठे उभं होतं ते कळतं. तीळ एकाच खांद्यावर असतील तर तो खांदा आगीच्या तोंडाकडे होता. त्या तिळांत मध्येच चंद्रकोरीसारखी स्वच्छ जागा असेल तर तिथे शेजारच्या भांड्याची सावली पडली होती. आगीलाही सावली असते, हे मला या भांड्यांमुळे कळलं. आणि म्हणूनच यातलं काहीही नुसतं नशिबावर सोडलेलं नसतं. भट्टी भरायलाच कित्येक दिवस जातात. कुठलं भांडं कुणाच्या आडोशाला, कुणाच्या पायाशी, किती कललेलं, हे ठरवणारा माणूस खरं तर आगीची वाट आखत असतो. गवई तानेची जागा आधी हेरून ठेवतो आणि तान मात्र त्या क्षणीच घेतो, तसं.

या साऱ्याचं टोक पाहायचं तर बिझेन सोडून जपानातल्याच इगाला जावं लागतं. तोक्योच्या गोतो संग्रहालयात इगाचं एक पाण्याचं भांडं आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीचं किंवा सतराव्याच्या आरंभीचं, चहाच्या विधीत ताजं पाणी ठेवायचं. त्याचं नाव याबुरेबुकुरो, फाटकी थैली. जपानने ते महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून जतन केलं आहे. उंची वीतभर. मी त्याची छायाचित्रंच पाहिली आहेत, पण इतक्या वेळा की डोळे मिटूनही ते दिसतं. वरचा भाग ताठ, दोन्ही बाजूंना दाबून बसवलेले दोन कान. आणि खाली पोट असं बसलेलं, जसं धान्याचं पोतं पाठीवरून उतरवून जमिनीवर टेकवलं की बसतं. त्या पोटावर खोल भेगा. अंगावर राखेची हिरवी काच उतरलेली, कुठे करपलेला तपकिरी रंग. या हिरव्या काचेला जपानीत बिदोरो म्हणतात. पोर्तुगीज खलाशांचा काचेसाठीचा शब्द तिथे रुजला तो असा.

नजर आधी कानांवर ठेवावी. ते दोन कान झाकून पाहिले तर भांडं नुसतं ढासळलेलं दिसतं. कान उघडे केले की ते उभं राहतं. वरचा भाग सरळ आहे, हे कानांमुळे डोळ्याला पटतं, आणि मग खालचं बसणं हे वजन पेलणं वाटू लागतं. खांद्यावर कावड घेतलेल्या माणसाचे गुडघे वाकलेले असतात, मान ताठ असते. तसा हा तोल आहे. मग भेगा पाहाव्यात. त्या पोटावर आहेत, जिथे माती सर्वांत जास्त फाकली. मातीत गारेचे आणि फेल्डस्पारचे बारीक खडे, भिंत जाड, आच प्रचंड. माती बसताना तिची त्वचा ताणली गेली आणि उकलली. म्हणजे बसणं आणि फाटणं ही एकच हालचाल आहे. ती आगीत चालू असताना जणू मध्येच थांबवून ठेवली आहे. याच्या नकला खूप झाल्या. मुद्दाम पाडलेली भेग मात्र लगेच ओळखू येते. तिला मातीतलं कारण नसतं, ती कुठूनही सुरू होते आणि कुठेही संपते. फाटक्या थैलीची भेग जिथून सुरू व्हायला हवी तिथूनच होते.

फुरुता ओरिबे हा त्या काळचा चहाविधीचा मोठा आचार्य, 1544 ते 1615 चा. हे भांडं एका स्नेह्याकडे पाठवताना त्याने सोबत पत्र लिहिलं होतं. यापुढे असं भांडं व्हायचं नाही, मोठी भेग आहे खरी पण ती सांभाळून घ्यावी, असा त्याचा आशय. 1923 च्या कांतो भूकंपात ते पत्र नष्ट झालं. भांडं राहिलं. त्या पत्रातला सूर मला फार आवडतो. भेगेचं त्याने कौतुक केलं नाही, तत्त्वज्ञान केलं नाही. मुलीची ओळख करून देताना बापाने तिचा हट्टी स्वभाव आधीच सांगून टाकावा, तसं सांगितलं.

अशी नजर टिकून राहते असं नाही. चकचकीत चिनी मातीची भांडी आली तशी बिझेनची ही जुनी रग मागे पडली. कानेशिगे तोयो (1896–1967) हा कुंभार आधी देवादिकांच्या आणि प्राण्यांच्या नाजूक मूर्ती करण्यात वाकबगार होता. मग त्याने जुन्या भांड्यांकडे पाहून माती निवडण्यापासून भट्टी रचण्यापर्यंत सगळं पुन्हा शिकून घेतलं, फसत, पुन्हा करत. 1956 मध्ये जपानने त्याला जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणून गौरवलं. आज जगभर जे लाकडाच्या भट्टीचे प्रयोग चालतात, त्यांतल्या कितीतरींना ही वाट त्याच्यासारख्यांनी मोकळी करून दिली.

ती वाट आपल्याकडेही आली. 1971 मध्ये डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. डेबोरा बिझेनमध्ये काम शिकून आल्या होत्या. पाइन तिथे कुठून असणार. किनाऱ्यावर मुबलक असलेलं सुरूचं लाकूड त्यांनी भट्टीत घातलं, आणि राख बदलली तसा रंगही आपला झाला. देशभरातले कितीतरी कुंभकार तिथे घडले. रे मीकर यांनी तर 1980 च्या दशकात त्याही पुढे उडी घेतली. कच्च्या विटांचं आख्खं घर बांधायचं, त्याच्या पोटात आणखी कच्च्या विटा रचायच्या आणि आतून जाळ करून घरच भाजून काढायचं. घर हीच भट्टी. मोठ्या भांड्याच्या पोटात लहान भांडी रचणाऱ्या इम्बेच्या कुंभाराला ही कल्पना चटकन समजली असती.

पण आगीला अशी शिस्त लावणं आपल्या मातीत नवं नाही. नागपूरजवळच्या माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देवांनी शिळावर्तुळं खणली, तिथे आणि जुनापाणी, टाकळघाट-खापा इथेही काळी-तांबडी भांडी निघाली. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. आतून काळी, काठाभोवती काळी, खाली तांबडी. भांडं पालथं करून त्याचं तोंड गवतात-राखेत बुडवून ठेवलं की आत आणि काठाला हवा मिळत नाही, ते काळं होतं. उघडं राहिलेलं बूड तांबडं होतं, असा त्याचा उलगडा अभ्यासक करतात. एका भट्टीत दोन रंग, आणि त्यांच्यामधली सीमारेषा कुठे यावी ते कुंभार राखेच्या उंचीवरून ठरवणार. अशा वाडग्यांत ती सीमा सुरीने कापल्यासारखी नसते; काळ्यातून तांबड्यात जाताना बोटभर जागा जांभळट होते. संध्याकाळी पश्चिमेला असते तशी. मला ती बोटभर जागा फार मोलाची वाटते.

गेल्या वर्षी पोऱ्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याच्या, आधी मी आमच्या कुंभाराकडे गेले. तेव्हा त्याच्या अंगणात मातीचे नंदिया बैल आणि पोरींच्या खेळातली जाती-चुली वाळत होती. मी त्याला एक विनंती केली: या एका लोटक्याला पैरा गुंडाळून आव्यात ठेवशील का? त्याने कारण विचारलं नाही. पैरा तर तिथेच होता. भांडी रचून झाली की तो आव्यावर पैराच अंथरतो आणि वरून चिखलाचा लेप देतो. चार दिवसांनी लोटकं मिळालं. शेंदरी रेघ आली नव्हती, ती येणारही नव्हती. आवा आठशे अंशांच्या आसपास जातो, त्या रेघेला बाराशे हवेत. तांबड्या अंगावर एक पुसटशी करडी छटा उमटली होती, ओल्या काचेवर बोट फिरवल्यासारखी. मला ती आवडली. त्याला विशेष वाटलं नाही.

मग मी त्या उन्हाळ्यातल्या आमच्या माठाचं मोबाइलवर काढलेलं छायाचित्र त्याला दाखवलं. काळा पट्टा, आणि त्या पट्ट्यात मधोमध तांबडी, नखाएवढी वक्र रेघ. मी महिनाभर त्या रेघेकडे पाहत होते. शेजारच्या माठाचा काठ तिथे टेकला असावा, असा माझा कयास होता. त्याने छायाचित्र मोठं केलं, मान कलती करून पाहिलं.

‘दीदी, हा कडेचा माठ आहे,’ तो म्हणाला. ‘खालच्या थरातला. त्या रात्री वारा सुटला होता, या बाजूचा लेप फुटला. मी उठून चिखल लावला, पण जरा उशीर झाला.’ मग त्या तांबड्या वक्र रेघेवर बोट ठेवून म्हणाला, ‘इथे करसी होती. लहान मडकं. ती तडकली.’